अ‍ॅरिझोनातला मान्सून: अडीच इंच पावसाला एवढं काय घाबरायचं?

अबोली_चँडलर

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये आम्ही चँडलरला राहायला आलो. फीनिक्सच्या दक्षिणेला, भाड्याचं बैठं घर. जून लागल्यापासून ऑफिसात जो तो "मान्सून येतोय, जपून राहा" म्हणतोय. मी वाईची. पाचगणीचा घाट चढून शाळेच्या सहली केलेली. म्हणून आकडे काढून पाहिले, तर इथला अधिकृत मोसम 15 जून ते 30 सप्टेंबर, आणि त्या साडेतीन महिन्यांत फीनिक्सची सरासरी 2.43 इंच. म्हणजे 62 मिलिमीटर! आमच्याकडे आषाढात एवढा पाऊस दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत पडून जातो. टुसॉनला जरा जास्त, पण तिथेही साडेपाच-पावणेसहा इंचच.

तरी शेजारची आजी वाळूच्या पिशव्या भरून दाराशी रचतेय, तेव्हा काहीतरी असणार. माझ्या शंका अशा:

कामासाठी मला अधूनमधून आय-10 महामार्गाने टुसॉनला जावं लागतं. धुळीच्या वादळात सापडले तर काय करायचं? जुलैत आई-बाबा येताहेत. बाबांना मधुमेह आहे आणि सकाळ-संध्याकाळ फिरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. घरामागे एक कोरडा वॉश (फक्त पावसात वाहणारा ओढा) आहे, त्यातून छान पायवाट गेली आहे. तिथे त्यांना पाठवावं का? ऑगस्टमध्ये सगळ्यांना अँटिलोप कॅन्यनची अरुंद घळ दाखवायचा बेत आहे. आणि घरात काय तयारी ठेवायची?

सरकारी पत्रकं वाचली. त्यातलं खरंच महत्त्वाचं काय आणि फक्त लिहायचं म्हणून लिहिलेलं काय, ते इथल्या जुन्या माणसांनी सांगावं.

कोरडवाहू

छत्री आणली असेल तर बाबांच्या बॅगेतून परत पाठवा. इथे पाऊस आडवा येतो, आणि त्याच्या आधी कुणाचं तरी शेत उडत येतं.

गंमत सोडा, पण सरासरीवर जाऊ नका. 2023 साली फीनिक्सला अख्ख्या मोसमात 0.15 इंच पडला. नोंदी ठेवायला लागल्यापासून सगळ्यात कमी. उलट 8 सप्टेंबर 2014 ला एका दिवसात 3.3 इंच पडला आणि आय-10 वर गाड्या पाण्यात उभ्या. दोन्हीची सरासरी काढून काय उपयोग?

बाकी सविस्तर मावशी सांगतील, त्यांची झोप झाली की.

टुसॉनची_मावशी

झाली झोप. पहाटे चारला उठणाऱ्या बाईने दुपारी तासभर पाठ टेकली तर गावभर करायचं नसतं.

अबोली, मी घरोघरी जाऊन आजारी माणसं बघणारी नर्स आहे. टुसॉन, मराना, एलॉय, कासा ग्रांडे असा माझा पट्टा. पहाटे उठायचं कारण हेच. जुलै-ऑगस्टमध्ये मी लांबच्या भेटी सकाळी उरकते. सकाळी आभाळ निरभ्र असतं. दुपारी डोंगरांवर, मोगोयॉन रिमच्या उंच कड्याकडे ढगांचे मनोरे उभे राहायला लागतात आणि संध्याकाळी ते खाली खोऱ्यात उतरतात. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा. टुसॉनच्या मीटिंगा सकाळी लावून घेता येत असतील तर लावून घे आणि जेवायच्या वेळेला परतीला लाग. तुझ्या निम्म्या शंका तिथेच मिटतील.

आता तुझे 62 मिलिमीटर. इथे "किती पडला" याला फारसा अर्थ नाही. "कुठे पडला" आणि "किती मिनिटांत पडला" हे विचारायचं. आपल्याकडे जमीन पाणी पिते, मग ओढे भरतात, मग नदी. माणसाला कळायला वेळ मिळतो. इथली जमीन उन्हाने भाजून कडक झालेली, वर झाडोरा विरळ, कितीतरी ठिकाणी खाली चुन्याचा घट्ट थर. त्यावर अर्ध्या तासात इंचभर पाऊस म्हणजे डांबरी रस्त्यावर टँकर ओतल्यासारखं. सगळं पाणी थेट वॉशमध्ये. आणि तो वॉश दहा मैलांवरून वाहत तुझ्या घरामागे येतो. तुझ्या डोक्यावर ऊन असेल, चिटपाखरूही भिजलेलं नसेल, आणि समोरून फळ्या, टायर, मेस्कीटच्या फांद्या घेऊन गढूळ लोंढा येईल. हे मी पुलावर उभी राहून पाहिलंय. आधी फेसाची एक रेघ आली, आवाज मागून.

म्हणून बाबांच्या फिरण्याचं उत्तर: वॉशमध्ये सकाळी, आकाश आणि फोनवरचा अंदाज दोन्ही साफ असतील तेव्हाच. दुपारनंतर काठावरच्या रस्त्याने, आत नाही. "आज पाऊस नाही ना, मग झालं" हे वाईच्या माणसाचं तर्कशास्त्र इथे चालत नाही, हे त्यांना आधीच समजावून ठेव. बाबा लोक ऐकत नाहीत, ते मला माहीत आहे. त्यांना पेसन गावाजवळचं प्रकरण सांग. ते डोंगरवेडा नीट लिहील, मी त्याला टॅग करतेय.

गाडीचं: रस्ता वॉश ओलांडून जातो तिथे बहुतेक ठिकाणी पूल नाही. रस्ताच खाली उतरतो आणि वर चढतो. एरवी मजा वाटते. पाणी असताना मात्र तिथून वळायचं आणि मागे फिरायचं. सहा इंच वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. फूटभर पाण्यात छोटी गाडी वाहून जाते, दीड-दोन फुटांत तुझी एसयूव्हीसुद्धा. पाणी गढूळ असतं, खालचा रस्ता शाबूत आहे की खचलाय ते दिसत नाही. पुढची गाडी गेली म्हणून आपणही जाऊ, असं अजिबात नाही. दर मिनिटाला पाणी वेगळं असतं. आणि अडथळे लावलेले असताना ते चुकवून आत शिरलीस, अडकलीस, तर सुटकेचा खर्च तुझ्याकडून वसूल करणारा कायदा या राज्यात 1995 पासून आहे. लोक त्याला सर्रास "स्टुपिड मोटरिस्ट लॉ" म्हणतात. दोन हजार डॉलरपर्यंत बिल येऊ शकतं. कायद्याचं नाव ऐकूनच माणसाने लाजावं अशी सोय केली आहे.

धूळ. कासा ग्रांडे, एलॉय, पिकाचो पीक हा तुझ्या वाटेवरचा पट्टा राज्यातल्या वाईट पट्ट्यांपैकी आहे. दोन्ही बाजूंना शेतं आणि पडीक जमीन. ढग पावसासकट कोसळतो तेव्हा त्याच्यातली गार हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि पुढ्यातली सगळी माती उचलते. 5 जुलै 2011 ला फीनिक्सवर आलेली भिंत मैलभर उंच होती. लांबून बघायला भव्य, आत गेलं की बॉनेट दिसत नाही. एलॉय ते पिकाचो पीक या दहा मैलांत 2020 पासून धूळ ओळखणारी यंत्रणा आहे. दिसणं कमी झालं की पाट्यांवरची वेगमर्यादा आपोआप 75 वरून 35 पर्यंत उतरते. पाटी 35 म्हणत असेल आणि तुला समोर सगळं छान दिसत असेल, तरी 35. तिला पुढचं दिसतंय, तुला नाही.

लांबून भिंत दिसली तर सरळ पुढचा एक्झिट घ्यायचा आणि पेट्रोल पंपावर कॉफी प्यायची. बहुतेक वादळं तासाभरात निघून जातात. आत सापडलीसच तर रस्त्यावरून पूर्ण बाहेर. नुसत्या कडेच्या पट्टीवर नाही, जितकं उजवीकडे उतरता येईल तितकं. गाडी थांबवायची, सगळे दिवे बंद, हजार्डसुद्धा बंद, हँडब्रेक ओढायचा, ब्रेकवरून पाय काढायचा, पट्टा बांधलेला ठेवायचा आणि बसून राहायचं.

आता जे पत्रकात शेवटच्या ओळीत असतं आणि मी पहिल्या ओळीत लिहीन ते. वीज. इथल्या मान्सूनमध्ये मला पुरापेक्षा जास्त भीती वाटते ती वादळानंतर गेलेल्या विजेची. ढगाखालून सुटलेला वारा विजेचे खांब ओळीने आडवे करतो. आणि ते होतं संध्याकाळी, बाहेर 105 ते 110 फॅरनहाइट असताना. म्हणजे 41 ते 43 सेल्सिअस. एसी बंद झाल्यावर घर हळूहळू तापत जातं आणि रात्रही मदतीला येत नाही. जुलै 2023 मध्ये फीनिक्सला एका रात्री पारा 97 च्या खालीच उतरला नाही. ते किमान तापमान होतं, 36 सेल्सिअस! त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने 645 माणसं गेली. तू चँडलरला राहतेस, म्हणजे तुझीच काउंटी.

एलॉयजवळ माझ्या एका आजींच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालायचं. वीज गेली तेव्हा घरात राखीव सिलिंडर होता, पण तो कोठीत, आणि कोठीवर सामान. अंधारात, घामाघूम, दोन नातवंडं खोकी उचलताहेत आणि आजी खुर्चीत बसून त्यांनाच धीर देताहेत. सिलिंडर मिळाला, सगळं ठीक झालं. पण तेव्हापासून मी कुठल्याही घरी गेले की आधी विचारते: वीज गेली तर पहिल्या तासात काय कराल आणि चौथ्या तासात कुठे जाल?

तुझ्यासाठी तेच. पहिल्या तासात: पडदे बंद, फ्रिज उघडायचा नाही, विजेऱ्या कुठे आहेत ते पाठ, माणशी दिवसाला एक गॅलन पाणी बाजूला काढलेलं, फोनची बॅटरी बँक भरलेली. बाबा इन्सुलिन घेत असतील तर छोटी थंड पिशवी आणि फ्रीजरमध्ये जेलच्या लाद्या. चौथ्या तासात: वेगळ्या फीडरवर (वीजवाहिनीवर) असणारं एखादं ओळखीचं घर, हॉटेल किंवा कूलिंग सेंटर (गारव्याला बसायची सार्वजनिक जागा). कूलिंग सेंटर कुठे उघडं आहे ते 211 ला फोन केला की सांगतात. घरी बसून "येईल आता वीज" करत राहायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही, घाम येतोय तेही कोरड्या हवेत कळत नाही. बोलणं असंबद्ध झालं, चाल अडखळली, तर थेट 911.

पुढे मी लिहीन, आता सव्वाचारची भेट आहे. ढग पाहिले, अजून लांब आहेत.

डोंगरवेडा

मावशींनी हाक मारली म्हणून आलो. मी फ्लॅगस्टाफला असतो.

पेसन. 15 जुलै 2017, शनिवार दुपार. पेसनच्या उत्तरेला जंगलात ओढ्यावर डुंबायची जागा आहे, गर्दी होती. वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला. त्याच उन्हाळ्यात तिथल्या डोंगरावर वणवा लागून गेला होता. जळलेली माती पाणी आत घेत नाही, उलट झटकून टाकते. राख, दगड, ओंडके घेऊन काळं पाणी खाली आलं आणि एकाच कुटुंबातली 10 माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. वणवा लागून गेलेल्या डोंगराच्या पायथ्याचे ओढे पुढची काही वर्षं तरी मी पावसाळ्यात टाळतो. फ्लॅगस्टाफमध्येही हेच: 2019 चा म्युझियम फायर, आणि पूर 2021 च्या पावसाळ्यात गल्ल्यांतून.

अँटिलोप कॅन्यन: 12 ऑगस्ट 1997 ला लोअर अँटिलोपमध्ये 11 पर्यटक बुडाले. कॅन्यनवर पाऊस जवळपास नव्हताच, तो वरच्या भागात मैलोगणती लांब पडला होता. त्यानंतर तिथे पक्क्या शिड्या बसवल्या, हवामानाचा रेडिओ आला. आता नवाहो या तिथल्या आदिवासी लोकांच्या मान्यताप्राप्त वाटाड्याशिवाय आत जाताच येत नाही. त्यामुळे तुम्ही जायला हरकत नाही, पण तीन गोष्टी. सकाळची फेरी घ्या. वाटाड्याने रद्द केली तर वाद घालू नका, पैसे परत देत नाहीत म्हणून त्याच्याशी भांडणारे आपले लोक पाहिलेत मी. आणि जवळपासच्या दुसऱ्या, फुकटातल्या अरुंद घळींत "जरा आत डोकावून येऊ" करू नका. तिथे शिडी नाही, वाटाड्या नाही, फोनला रेंज नाही.

विजा: ढगांचा गडगडाट ऐकू आला की वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, एवढं साधं आहे. दहा मैलांपर्यंतचा गडगडाट ऐकू येतो. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर दुपारी चारला लोखंडी कठडा धरून सेल्फी काढणारे लोक बघून माझ्या पोटात गोळा येतो. झाडाखाली थांबू नका, गाडीत बसा, काचा वर करा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबा. बाबांची छत्री या कामासाठीही नको.

अबोली_चँडलर

मावशी, डोंगरवेडा, मनापासून आभार. बाबांना पेसनचं वाचून दाखवलं फोनवर. पाच सेकंद गप्प बसले, मग म्हणाले "सकाळीच जाईन." ही माझ्या घरात क्रांती आहे.

पण दोन-तीन गोष्टी डोक्यात बसत नाहीयेत. धुळीत दिवे बंद? हजार्डसुद्धा? माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, कुणीतरी उलटं लिहिलंय, मागून येऊन कुणी ठोकेल ना!

दुसरं, फोनवर कधी "वॉच" येतं, कधी "वॉर्निंग". मी दोन्ही आले की सारखीच घाबरते.

तिसरं, घरमालकाने मागच्या खोलीला एसीऐवजी पाण्याचा कूलर दिलाय. आई-बाबांची तीच खोली. त्याने भागेल का? आणि भाडेकरूचा विमा काढलाय, त्यात पुराचं येतंच ना?

टुसॉनची_मावशी

नवऱ्याला म्हणावं, ठोकतील म्हणूनच बंद करायचे. धुळीत मागच्या गाडीला रस्ता दिसत नाही, पट्टे दिसत नाहीत. दिसतात ते फक्त लाल दिवे. तो समजतो, पुढची गाडी रस्त्यावर चाललीय, तिच्या मागे जाऊ. आणि तू तर खाली मातीत उभी. तो सरळ तुझ्या डिकीत. ब्रेकवरचा पाय काढायचा तोही एवढ्यासाठीच, दिवे बंद केले तरी ब्रेकचा लाल पेटतोच. आणि म्हणूनच रस्त्यापासून जितकं लांब तितकं बरं. गाडीतून उतरून उभं राहायचं नाही. (काही जण व्हिडिओ काढायला उतरतात. त्यांच्याविषयी मी इथे लिहीत नाही, मंडळाचे नियम आहेत.)

वॉच म्हणजे आज असं होऊ शकतं, डोळे उघडे ठेवा. वॉर्निंग म्हणजे सुरू झालंय किंवा होण्याच्या बेतात आहे, हातातलं टाका. वॉचवर मी भेटींचा क्रम बदलते. वॉर्निंगवर मी जिथे आहे तिथेच थांबते, रुग्णाच्या घरी असले तर तिथेच चहा मागते. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन सूचना चालू आहेत ना, ते आत्ता बघ. रात्री आवाज नको म्हणून बंद केलेल्या असतात लोकांनी.

कूलर! हे बरं विचारलंस. मे-जूनमध्ये तो उत्तम चालतो, कारण हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं आणि खोली गार होते. नागपूरच्या मंडळींना हे सांगायला नको. पण मान्सून लागला की इथल्या हवेत दमटपणा येतो. पूर्वी तर फीनिक्समध्ये मोसम सुरू झाला हे हवेतल्या दमटपणावरूनच ठरवायचे, सलग तीन दिवस दवबिंदू 55 फॅरनहाइटच्या वर राहिला की झाला सुरू. तारखा 2008 पासून आल्या. तर त्या दमट हवेत पाणी उडत नाही, कूलर नुसता ओलसर वारा फेकतो, आणि खोली दमट आणि गरम दोन्ही होते. मधुमेही माणसाला तिथे झोपवू नकोस. आई-बाबांना एसीच्या खोलीत घे, तुम्ही दोघं हॉलमध्ये झोपा. किंवा मालकाशी बोल, पण जुलै उजाडायच्या आत. नंतर एसीवाल्याची तारीख मिळत नाही. आणि एसीचा फिल्टर प्रत्येक धुळीच्या वादळानंतर काढून बघायचा. चोंदला की यंत्र धापा टाकत बंद पडतं, तेही नेमकं शनिवारी रात्री.

विमा: नाही. घराच्या आणि भाडेकरूच्या साध्या विम्यात पूर धरलेला नसतो. वाऱ्याने छप्पर उडून पाऊस आत आला तर वेगळं, पण जमिनीवरून वाहत आलेलं पाणी घरात शिरलं तर ते तुझं तू बघ, असं असतं. पुराचा विमा वेगळा, तो भाडेकरूलाही सामानापुरता काढता येतो. आणि सरकारी योजनेतला घेतलास तर सहसा तीस दिवसांनी लागू होतो. म्हणजे आकाशात ढग बघून काढायचा नाही. घरामागे वॉश आहे म्हणतेस, तर नकाशात घर पूरक्षेत्रात येतं का ते बघ. फेमाच्या (सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) संकेतस्थळावर पत्ता टाकला की कळतं.

वाळूच्या पिशव्या बऱ्याच शहरांत फुकट देतात, फावडं आपलं न्यायचं, भरायचंही आपणच. शेजारच्या आजींना विचार, त्यांना जागा माहीत असणार. आणि त्या आजींची पिशवी उचलून दे. वीज गेली की तुमचं दार त्या आणि त्यांचं दार तू ठोठावणार आहेस.

भूभूची_आई

इतकं लिहिलं पण कुत्र्यांचं कुणी नाही! कुत्रा असेल किंवा आणणार असाल तर वाचा. पहिल्या पावसानंतर रात्री सोनोरन डेझर्ट टोड बाहेर पडतात, तळहातापेक्षा मोठे बेडूक. कुत्र्याने तोंडात धरला तर विष थेट हिरड्यांतून जातं. लाळ गळते, तोल जातो, झटके येतात. लगेच नळीच्या पाण्याने तोंड बाजूने धुवायचं, पाणी तोंडातून बाहेर पडेल असं, घशात जाईल असं नाही. हिरड्या ओल्या फडक्याने पुसायच्या आणि डॉक्टरकडे पळायचं. रात्री मागच्या अंगणात सोडताना आधी टॉर्च मारून बघायचं.

टॉर्चवरून आठवलं, जांभळ्या अतिनील टॉर्चखाली विंचू हिरवे चमकतात. इथला बार्क स्कॉर्पियन भिंतीवर चढतो, बूटात बसतो. बूट झटकून घालायचे. लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला चावला तर विषबाधा केंद्राचा नंबर 1-800-222-1222, चोवीस तास.

कोरडवाहू

सिग्नल बंद पडले तर काय, ते राहिलं. वादळानंतर अर्धं शहर बिनसिग्नलचं असतं. बंद सिग्नल म्हणजे चारही बाजूंना स्टॉपची पाटी आहे असं समजायचं, कायदाच आहे. आधी आलेला आधी जातो. पुण्याच्या चौकाची सवय असलेल्यांनी एकदा मोठा श्वास घ्यावा.

आणि रस्त्यावर तार पडलेली दिसली तर शंभर फूट लांब राहायचं. तार गाडीवर पडली तर गाडीतच बसून 911. आग लागल्याशिवाय उतरायचं नाही.

अबोली_चँडलर

घरमालकाला मेल केला, तो मागच्या खोलीला एसी बसवतो म्हणाला. तारखेचं मात्र काही बोलला नाही. पुराच्या नकाशात आमचं घर बाहेर आहे, पण वॉशच्या पलीकडची रांग आत आहे, म्हणजे फार लांब नाही. विम्याचं उद्या बघते. टुसॉनच्या मीटिंगा सकाळी घेतल्या, बॉसला कारण सांगावंसुद्धा लागलं नाही, "आय-10, जुलै" एवढ्यावर तो हो म्हणाला.

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. बाबा सकाळी फिरताना धूळ असली तर मास्क लावायचा का? ते म्हणताहेत, सातारा-वाई रस्त्याची धूळ खाऊन मोठा झालोय.

टुसॉनची_मावशी

लावायचा, आणि धूळ उडत असेल तर फिरायला जायचंच नाही. साताऱ्याच्या धुळीत हे नसतं. इथल्या मातीत एक बुरशी असते, तिचे बीजाणू श्वासातून आत गेले की व्हॅली फीवर होतो. अमेरिकेतल्या एकूण रुग्णांपैकी फार मोठा वाटा एकट्या अ‍ॅरिझोनाचा. बऱ्याच जणांना काहीच होत नाही. काहींना एक ते तीन आठवड्यांनी खोकला, ताप, छातीत दुखणं आणि असा थकवा की जिना चढवत नाही. माणसाकडून माणसाला लागत नाही. मधुमेह असलेल्यांना तो जास्त त्रास देऊ शकतो, म्हणून एवढं लिहितेय. बुरशी असल्यामुळे नेहमीच्या अँटिबायोटिकने हटत नाही. खोकला रेंगाळला तर डॉक्टरला "व्हॅली फीवरची रक्ततपासणी करा" असं तोंडाने सांगायचं. तेही नवीन आलेले असतील तर त्यांच्या लक्षात येईलच असं नाही.

आणि बाबा परत गेल्यावर वाईत खोकायला लागले, तर तिथले डॉक्टर फोटोत फुप्फुसावर डाग बघून आधी क्षयाचा विचार करतील. त्यांची चूक नाही, आपल्याकडे तेच आधी बघायला हवं. पण बाबांनी त्यांना सांगायचं की मी उन्हाळ्यात अ‍ॅरिझोनात होतो. त्यांच्या औषधांच्या यादीच्या खाली मोठ्या अक्षरात लिहून ठेव, इंग्रजीतही, रोगाचं नाव: कॉक्सिडिऑइडोमायकोसिस. मी माझ्या भावाच्या पाकिटात अशीच चिठ्ठी घालून पाठवली होती. स्पेलिंग मला मेसेज कर, मी तपासून देते.